वरून खाली इशारा नसतो

साईटवर त्या माणसाला सगळे ‘वरचा’ म्हणायचे. बांधकाम बाराव्या मजल्यावर आलं होतं आणि टॉवर क्रेनची केबिन त्याच्याही वर. तिथे तो दिवसभर एकटा बसलेला असायचा, म्हणून वरचा. त्यावरचे विनोदही ठरलेले होते. पगार कधी होणार, माल कधी येणार, सुपरवायझरला अक्कल कधी येणार, काहीही विचारा, उत्तर एकच, “वरच्याला विचारा.” त्यावर दुसरा कुणीतरी म्हणणार, “विचारलं असतं, पण तो बोलतो कुठे?” मग सगळे हसणार. रोज तोच विनोद आणि रोज तेच हसू. सिमेंटच्या गोण्या वाहणाऱ्या माणसांना नवा विनोद सुचायला सवड कुठून मिळणार?

खालून त्याला इशारे देणाऱ्या सिग्नलमनचं नाव पडलं होतं ‘रेडिओ’. का, ते त्याच्याशी दोन मिनिटं बोललं की कळायचं. खरं तर बोललं म्हणणंही चूक, कारण समोरच्याची पाळी यायचीच नाही. या रेडिओची थोरली बहीण वरच्याची बायको. म्हणजे साईटवर जो वरचा, तो रेडिओचा दाजी. एकाच्या तोंडाला कुलूप आणि दुसऱ्याच्या तोंडाला कडीही नाही, असे दोघे एकाच क्रेनच्या दोन टोकांना वर्षानुवर्षं काम करत होते. त्यांचं उत्तम जमायचं, कारण त्या कामात बोलायचं नसतंच.

काम सगळं हातांचं. रेडिओ नारिंगी हातमोजे घालून त्याच्या ठरलेल्या जागी, वाळूच्या ढिगाशेजारी उभा राहायचा, म्हणजे हात वरून नीट दिसत. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट जमिनीकडे करून फिरवलं की उतरव. दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्यावर आडवा धरला की तेच, पण सावकाश. मूठ वळून अंगठा क्रेनच्या खांबाकडे दाखवला की माल आत ओढ. हे सगळे इशारे फक्त सिग्नलमनने द्यायचे, दुसऱ्या कुणी मध्ये हात घालायचा नाही. एकच इशारा साईटवरच्या कुणालाही देता येतो: दोन्ही हात पसरायचे, तळवे जमिनीकडे करायचे आणि जोरात आडवे हलवायचे. म्हणजे थांब, आहे तिथे थांब. तो झाडूवालीने दिला तरी ऑपरेटरने क्रेनचा हात जागच्या जागी गोठवायचा. का आणि कशाला, ते नंतर विचारायचं. दाजींच्या हातात हा नियम असा मुरला होता की एकदा खाली एका मजुराने नुसता आळस द्यायला हात पसरले, तर वर दीड टनाचा माल अधांतरी उभा राहिला होता.

वरून खाली मात्र इशारा नसतो. ऑपरेटरकडे एक भोंगा असतो, बस. माल डोक्यावरून जातोय, बाजूला व्हा, एवढंच त्याला सांगता येतं. ‘मला काहीतरी होतंय’ असं सांगणारा भोंगा अजून कुणी बसवलेला नाही. मालकाने मध्यंतरी सगळ्यांना वॉकीटॉकी दिले होते. दाजींनी तो दोन दिवस वापरला, म्हणजे दोन दिवस त्यात “हां” म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी बंद करून केबिनच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

आता अबोल माणसं जगात काय थोडी असतात? पण दाजींचं प्रकरण निराळं होतं, आणि ते निराळं आहे हे कळलं होतं फक्त त्यांच्या बायकोला, रेडिओच्या ताईला. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, “रागावलात का?”

“नाही.”

“मग खूश आहात?”

दाजींनी बराच वेळ विचार केला होता. टाळायचं म्हणून नव्हे, कुणी पत्ता विचारल्यावर माणूस आठवतो तसा मनापासून विचार. मग म्हणाले होते, “ते नाही सांगता येत.” ताईने हे भावाला हसून सांगितलं होतं तेव्हा. पुढे पुढे ती हसायची थांबली. सासूबाई गेल्या त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, जो तो डोळे पुसत होता, आणि हा सख्खा मुलगा दाराच्या बिजागरीत तेल घालत होता. बिजागरी करकरत होती म्हणे. लोक कुजबुजले, की काय दगड आहे. पण ताईने पाहिलं होतं, त्याचा तेलाचा डबा धरलेला हात थरथरत होता आणि तो त्या हाताकडे असा बघत होता, की जणू तो शेजाऱ्याचा आहे. त्यानंतर आठवडाभर त्याचं डोकं दुखत होतं. गोळ्या घेतल्या, चष्मा बदलला. आईचं नाव निघालं नाही.

“ते लपवत नाहीत रे,” ताई म्हणायची. “त्यांना खरंच ठाऊक नसतं.”

“मजेत आहे की माणूस, ताई,” रेडिओ म्हणायचा. “ज्याला काही वाटतच नाही त्याला दुःख कसलं? माझ्याकडे बघ, मला सकाळपासून सतरा गोष्टी वाटतात.”

ती सळ्यांची मोळी पडली, ती एका साध्या सकाळी. पैलवान नावाचा रिगर, म्हणजे खाली माल बांधून हुकाला अडकवणारा माणूस, नावाच्या अगदी उलट, काडीसारखा. त्याने मोळी बांधली, रेडिओने बोट फिरवलं, दाजींनी उचलली. चौथ्या मजल्याच्या उंचीवर गेली असेल आणि पैलवानाला आठवलं, की आपली पक्कड खालीच राहिली. माल डोक्यावर असताना खाली जायचं नाही, हे त्याला बाकी सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. तरी गेला. वाकला. तेवढ्यात वर मोळीचा पट्टा सरकला. भोंगा वाजला आणि सगळी मोळी दणकन खाली आली.

पैलवान वाचला. भोंगा ऐकून त्याने वर बघायच्या ऐवजी आडवी उडी मारली होती आणि पाण्याच्या हौदात जाऊन पडला होता. नखाला धक्का नाही. भिजून चिंब, हेल्मेट वाकडं, हातात पक्कड घट्ट. हौदातून डोकं वर काढून त्याने पहिला प्रश्न विचारला, “माझी पक्कड कुणी घेतली का?” आणि सगळी साईट पोट धरून हसली. सुटकेचं हसू होतं ते, आवरेचना. रेडिओच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. दुपारी दाजी खाली उतरले, सरळ पैलवानापाशी गेले, त्याचे दोन्ही खांदे चाचपून बघितले, “बरा आहेस ना?” म्हणाले, आणि डबा न उघडताच परत वर गेले. संध्याकाळपर्यंत त्यांनी नेहमीसारखा माल उचलला. सुपरवायझर म्हणाला, काळीज असावं तर असं. चौकशी झाली, पट्टा जुना निघाला, दाजींवर ठपका आला नाही. विषय संपला.

म्हणजे, संपला असं सगळ्यांना वाटलं. उरली ती गोष्ट, आणि गोष्ट असली की ती रेडिओ सांगणारच. पैलवानाची उडी, हौदाचा आवाज, पक्कड, सगळं हावभावांसकट. चहाच्या टपरीवर सांगितली, नातेवाइकांत सांगितली, आणि ताईच्या घरी जेवताना तर तीनदा तरी सांगितली. तिसऱ्या वेळी तो उडीच्या जागी आला आणि दाजी ताटावरून उठले. हात धुतला. मग स्वयंपाकघराचा नळ आवळायला लागले. चांगलाच जोर लावून आवळत होते.

“गळतोय का?” रेडिओने विचारलं.

“नाही,” दाजी म्हणाले आणि आवळत राहिले. ताई नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. तिने भावाला डोळ्यांनीच गप्प केलं. त्या घरात गप्प व्हायची पाळी रेडिओवर पहिल्यांदाच आली होती, आणि त्याला ते आवडलं नाही.

त्यानंतर दाजींचं पोट बिघडलं. निदान तसं ते म्हणायचे. सकाळी उठल्या उठल्या पोटात पिळवटायचं, जेवण जाईना, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटे. जवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची औषधं दिली, मग रक्त तपासलं, मग पोटाची सोनोग्राफी, मग हृदयाचा आलेख. सगळं ठणठणीत. औषधांनी फरक पडेना आणि माणूस पाण्यात राहिलेल्या साबणासारखा झिजत चालला. शेवटी एका डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, “मनावर काही ताण आहे का? कसली काळजी, भीती?”

“नाही,” दाजी म्हणाले. ताई शेजारीच बसली होती; ते खोटं बोलत नाहीत हे तिला दिसत होतं. तेच तिला जास्त भयंकर वाटलं. डॉक्टरबाईंनाही बहुधा काहीतरी दिसलं असावं, कारण त्यांनी मनाच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं आणि जाच म्हणाल्या. कधीकधी, त्या म्हणाल्या, मनाला बोलता येत नाही तेव्हा शरीर बोलायला लागतं.

रेडिओने हे ऐकलं आणि उडवून लावलं. “दाजी काय वेडे आहेत का? ताई, तू पण काय ऐकत बसतेस! मी रोज बघतो ना त्यांना. हूक असा उतरतो हल्ली, असा उतरतो, की खाली पाण्याने भरलेला पेला ठेव, थेंब सांडणार नाही. हात शांत म्हणजे माणूस शांत. आमच्या धंद्यात हेच बघतात.”

आणि ते खरंच होतं. आधी माल थोडा झुलायचा, सगळ्यांचाच झुलतो. आता झुलत नव्हता. दाजींचा हात इतका स्थिर झाला होता, की पैलवान म्हणायचा, वर माणूस बसलाय की मशीनच एकटं चालतंय?

“तू हूक बघतोस,” ताई म्हणाली. “मी माणूस बघते. रात्री अंथरुणात उठून बसतात. विचारलं तर म्हणतात झोप झाली. काल पोरीने पाठीमागून येऊन नुसती हाक मारली, तर हातातली बशी फुटली. पोरगी रडली, आणि हे तिच्याकडे बघत राहिले, ती का रडतेय ते कळत नसल्यासारखे.” तिचा आवाज खाली आला. “मला एकच भीती वाटते रे. एक दिवस हे वर जातील आणि खाली येणारच नाहीत.”

 रेडिओने लगेच काहीतरी विनोद केला. काय केला ते त्यालाही नंतर आठवलं नाही.

तेव्हापासून मात्र तो बघायला लागला. आणि बघायला लागल्यावर जे दिसायला लागलं, ते त्याला नको होतं. दाजी शिडीशी येऊन थांबायचे. पूर्वी थांबत नसत. एक हात शिडीच्या गजावर ठेवायचे आणि तसेच उभे, कपाळावर घाम, सकाळच्या गारव्यात. मग चढायचे. डबा जसा जायचा तसा परत यायचा. दिवसातून दोनचारदा हूक रिकामा असताना क्रेनचा लांब हात आपोआप वळायचा आणि त्या जुन्या जागेवर येऊन थांबायचा, जिथे मोळी पडली होती. तिथे आता काहीच नव्हतं. हूक तिथे नुसता लटकत राहायचा आणि खालची माणसं, कुणी काही न सांगता, ती जागा टाळून चालायची.

आणि मग बेल्ट. उंचावर काम करणाऱ्याच्या कमरेला जो सेफ्टी बेल्ट असतो, त्याबाबत दाजी इतके कडक होते की सख्ख्या मेहुण्याला त्यांनी बेल्ट न लावता शिडी चढताना पकडून, सगळ्यांसमोर कान धरून खाली आणला होता. एका सकाळी रेडिओ आला तर दाजी वर पोचलेले आणि त्यांचा बेल्ट खाली, शिडीशेजारच्या खिळ्याला टांगलेला. दुपारी त्याने विचारलं, “दाजी, विसरलात की काय?” दाजींनी बेल्टकडे पाहिलं. ओळखीचा माणूस खूप वर्षांनी भेटावा आणि नाव आठवू नये, तसं पाहिलं. “हां,” म्हणाले आणि लावला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा खिळ्यावर होता. रेडिओने ताईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं.

त्या दिवशी जेवणानंतर वारा सुटला. आधी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या उडाल्या, मग वरच्या मजल्यांना बांधलेलं हिरवं कापड फडफडायला लागलं. वारा वाढला की क्रेन चालवत नाहीत. हूक वर घ्यायचा, तिचा हात मोकळा सोडायचा, म्हणजे तो वाऱ्याबरोबर आपला आपण फिरतो, आणि ऑपरेटरने खाली यायचं. सुपरवायझरने शिट्टी मारली. रेडिओने इशारे दिले. हूक वर गेला, हात सुटला आणि सावकाश वळायला लागला. माणसं चहाला गेली. रेडिओने हातमोजे काढून खिशात कोंबले आणि शिडीच्या पायथ्याशी दाजींची वाट बघत उभा राहिला.

दाजी आले नाहीत. वारा खांबाच्या जाळीतून शीळ घालत होता आणि शिडीवर कुणाच्याही पावलांचा आवाज नव्हता. खिळ्यावर बेल्ट हलत होता.

रेडिओने मागे सरकून वर बघितलं. केबिनचं दार उघडं होतं. क्रेनच्या हाताच्या पोटातून एक अरुंद फळी जाते, मेकॅनिक लोकांसाठी, आणि त्या फळीवर दाजी चालत होते. कशाला धरलं नव्हतं. घाई नव्हती. रस्त्यावरून घरी निघाल्यासारखे ते टोकाकडे चालले होते, आणि त्यांच्यासकट तो लांब हात वाऱ्याने वळत होता. आणखी थोडा वळला की इमारतीच्या मागे जाणार होता, जिथलं खालून काहीच दिसत नाही.

“काहीतरी तपासत असेल,” चहाचा पेला घेऊन आलेला पैलवान म्हणाला. पण म्हणता म्हणता त्यालाच ते खोटं वाटलं असावं, कारण पेला त्याच्या हातातून सुटला. सुपरवायझर वॉकीटॉकीत ओरडत होता. वर केबिनच्या कोपऱ्यात दाजींचा वॉकीटॉकी बंद पडलेला होता.

रेडिओ ओरडला. “दाजी! ओ दाजी!” सगळं आयुष्य ज्याने तोंडावर काढलं, त्याचा आवाज वाऱ्याने चौथ्या मजल्यापर्यंतही जाऊ दिला नाही.   मग त्याचे हातच खिशाकडे गेले. हातमोजे चढवत तो धावत वाळूच्या ढिगाशेजारी, त्याच्या रोजच्या जागी जाऊन उभा राहिला, आणि त्याने दोन्ही हात पसरले. तळवे जमिनीकडे. जोरात, आडवे.

थांब. आहे तिथे थांब.

दाजी खाली बघत नव्हते. हात वळत होता. आणि मग, वर्षानुवर्षं दर मिनिटाला जिकडे बघायची डोळ्यांना सवय होती तिकडे त्यांचे डोळे गेले. एक पाय उचललेला होता. तो तसाच अधांतरी थांबला. मग हळूच फळीवर टेकला, आणि दाजी निश्चल उभे राहिले.

पैलवान शिडीकडे धावणार होता. “कुणी मध्ये येऊ नका,” रेडिओ ओठ न हलवता म्हणाला. “इशारा एकाचाच.” पैलवान जागीच खिळला. सुपरवायझरनेही वॉकीटॉकी खाली केला.

रेडिओने मूठ वळली आणि अंगठा खांबाकडे दाखवला. आत ओढ. क्षणभर काहीच झालं नाही. त्या क्षणात रेडिओने काय काय कबूल केलं आणि कुणाकुणाला, ते त्याचं त्यालाच माहीत. मग दाजी वळले. एक पाऊल. दुसरं. फळीवरून, वळणाऱ्या त्या हातावरून, खांबाकडे. त्यांची पाठ दिसेनाशी व्हायच्या आत ते केबिनपाशी पोचले होते. रेडिओने एक तळवा आडवा धरला, त्याखाली दुसऱ्या हाताचं बोट जमिनीकडे करून फिरवायला सुरुवात केली. उतरव. सावकाश.

त्या माणसाने अख्खी इमारत ज्या इशाऱ्यांवर उचलून वर नेली होती, त्याच इशाऱ्यांवर तो आता स्वतःला खाली आणत होता. शिडीच्या दर टप्प्याला छोटं मचाण होतं. तिथे आले की दाजी जाळीतून बाहेर बघायचे, बोट फिरतंय ना ते बघायचे, आणि मगच पुढचा टप्पा उतरायचे. रेडिओचे खांदे भरून आले, पण बोट थांबवायची त्याची छाती नव्हती. बोट थांबलं तर माल तिथेच लटकतो, हे त्याला ठाऊक होतं. आजूबाजूला सगळी साईट उभी होती.  ताईला काय सांगायचं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता, आणि त्याचं उत्तर दर टप्प्याला बदलत होतं.

दाजींचा पाय जमिनीला लागला. रेडिओने बोट थांबवलं. तो वाळूत बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला. दाजी चालत त्याच्यापाशी आले.

“थांब दिलास,” दाजी म्हणाले.

रेडिओने मान हलवली.

“का?”

नियम तोच होता, आधी थांबायचं आणि मग विचारायचं.  “तुम्ही तिकडे कशाला गेला होतात?” रेडिओनेच उलट विचारलं. “उडी मारणार होतात?”

दाजींनी विचार केला. तोच, मनापासून. “माहीत नाही. आत श्वास पुरेना. बाहेर आलो. मग चालत राहिलो.” ते उकिडवे बसले आणि मेहुण्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागले. “तुला काय होतंय?”

“भीती वाटली हो, दाजी! दुसरं काय होणार?”

“म्हणजे काय होतं?”

रेडिओच्या तोंडात शिवीच आली होती. पण त्याने समोर पाहिलं आणि ती गिळली. दाजी चेष्टा करत नव्हते, त्याला बोलतंही करत नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच रेडिओने मोजकं बोलायचा प्रयत्न केला.

“छातीत धडधडतं,” तो म्हणाला. “तळहाताला घाम सुटतो. घशाला कोरड पडते. पोटात कुणीतरी पिळतं आणि घास उतरत नाही. पळून जावंसं वाटतं, पण पाय उचलत नाही. आणि डोळे मिटले की तेच ते दिसत राहतं.”

“धूळ?”

“कसली धूळ?”

“मोळी पडली तेव्हाची,” दाजी म्हणाले. “वरून मला नुसती धूळ दिसत होती. पैलवान तिच्याखाली वाकलेला मी बघितला होता. भोंगा दाबला, आणि मग धूळ. ती बसेपर्यंत तो मेलाच होता. तुम्ही सगळे हसत होता म्हणे. वर ऐकू येत नाही.”

मागे उभ्या असलेल्या पैलवानाने डोक्यावरचं हेल्मेट काढून छातीशी धरलं. रेडिओला आपण सांगितलेली गोष्ट आठवली, हावभावांसकट, तीनदा, भरल्या ताटावर. त्याला स्वतःची शरम वाटली. त्या डॉक्टरबाईंनी ज्यांचं नाव सांगितलं होतं त्यांच्याकडे उद्या सकाळी दाजींना हाताला धरून न्यायचं, कोण काय म्हणेल ते म्हणो, हे त्याने तिथेच वाळूत बसून ठरवलं.

दाजी अजून विचारच करत होते. स्वतःचा तळहात त्यांनी उलटा करून पाहिला. तो घामाने ओला होता. मग तो पोटावर ठेवला.

“हे सगळं मला रोज होतं,” ते म्हणाले. “शिडीला हात लावला की सुरू.”

“हो, दाजी.”

“याला भीती म्हणतात?”

“हो.”

दाजींनी मान वर करून क्रेनकडे बघितलं. तिचा हात वाऱ्याने वळत वळत इमारतीच्या मागे गेला होता.

“मला आपलं वाटत होतं,” ते हळू आवाजात म्हणाले, “पोट बिघडलंय.”